थेंबभर तेल

घड्याळाच्या आतल्या यंत्राला इंग्रजीत 'मूव्हमेंट' म्हणतात, पण घड्याळजींच्या तोंडी हा शब्द मी कधी ऐकला नाही. त्यांच्या लेखी असतं ते 'मशीन'. 'मशीन बाहेर काढावं लागेल.' 'डायल गेलीय, पण मशीन ठणठणीत आहे.' सांगलीच्या गावभागात एका वाड्याच्या जिन्याखाली बसणाऱ्या काकांकडून हा शब्द मी सात-आठ वर्षांचा असताना उचलला. पुढे मेकॅनिकल इंजिनिअर झालो, पुण्यात गिअरबॉक्स बनवण्यात वीस वर्षं काढली, क्रेनशिवाय हलत नाहीत अशी यंत्रं हाताळली. तरी 'मशीन' म्हटलं की डोळ्यांपुढे आधी येतं ते रुपयाच्या नाण्याएवढं, काकांनी काचेच्या झाकणाखाली ठेवलेलं, पितळेचं, चालू.

काकांच्या कामात मला सगळ्यात आवडायचं ते तेल देणं. उजव्या डोळ्याला आयग्लास, हातात सुईसारखा ऑइलर, त्याच्या टोकावर तेल. किती? दिसत नसे, नुसतं चकाके. लाल खड्याच्या वाटीला टोक टेकलं की तेल आपण होऊन आत सरकायचं आणि चाकाच्या आसाभोवती गोल बसायचं. तेवढा वेळ काका श्वास रोखून धरत, आणि त्यांच्याकडे बघून मीही. "जास्त झालं तर पसरतं, कमी झालं तर घासतं," एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. तीन-चार वर्षांनी एकदा ऑइलिंग करून घ्या, असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावत, आणि गिऱ्हाईक घड्याळ बंद पडल्याशिवाय फिरकत नसे.

हल्ली रात्री जेवणं झाली की मी घड्याळांच्या मशीनमधल्या नव्या करामतींबद्दल वाचत, व्हिडिओ बघत बसतो. बायको याला 'ह्यांचा हरिपाठ' म्हणते. यातलं एकही घड्याळ मी घेणार नाही. काहींच्या किमतीत गावाकडे जमीन येईल. पण कुणीतरी एका चाकाच्या दाताचा आकार बदलला आणि घासणं तसूभर कमी झालं, हे वाचलं की मला पुढचे दोन दिवस बरे जातात. या वेडाचं मूळ शोधायला गेलो तर ते काकांच्या ऑइलरच्या टोकाशीच सापडतं. गेल्या अडीचशे वर्षांत घड्याळाच्या मशीनवर हुशार माणसांनी जे जे केलं, त्यातलं मला आवडणारं बहुतेक सगळं त्या एका थेंबाला रजा द्यायला केलेलं आहे.

ते कसं, हे सांगायला मशीन थोडं उघडावं लागेल.

चावी दिली की मेन स्प्रिंग गुंडाळली जाते. ती लगेच सुटायला बघते. तशी सुटू दिली तर सगळी चाकं भर्रकन फिरून मोकळी होतील. म्हणून शेवटच्या चाकापाशी एक फाटकवाला बसवलेला असतो, त्याचं नाव एस्केपमेंट. बॅलन्स नावाचं चाक केसाएवढ्या बारीक स्प्रिंगवर, म्हणजे हेअरस्प्रिंगवर, इकडून तिकडे झुलतं आणि दर झोक्याला चाकाला एकेक पाऊल पुढे जाऊ देतं. जाता जाता दात बॅलन्सला एक ढकला देऊन जातो, म्हणून झोका थांबत नाही. आपल्याला ऐकू येते ती टिकटिक या फाटकाची. एचएमटी जनतासारख्या घड्याळात ती तासाला 18,000 वेळा होते, म्हणजे वर्षाला 15 कोटी 76 लाखांच्या वर.

आता हा ढकला कसा मिळतो, तिथे सगळी गोम. थॉमस मज नावाच्या इंग्रजाने 1750च्या दशकात काढलेली लिव्हर एस्केपमेंट आजही बहुतेक सगळ्या चावीच्या आणि ऑटोमॅटिक घड्याळांत आहे. तिच्यात चाकाचा दात लिव्हरच्या, म्हणजे चाक आणि बॅलन्स यांच्यामधल्या छोट्या दांड्याच्या, टोकावरच्या तिरक्या खड्यावरून घासत जातो आणि घासता घासता त्याला बाजूला सारतो. पाळण्याला मागून सरळ झोका द्यायचं सोडून कडेने तिरकी फळी घासत न्यावी, तसं. झोका बसतो, नाही असं नाही. पण घासलं की वंगण आलं, बैलगाडीच्या आसाला लागतं तसंच. आणि वंगण आलं की ते वाळणार, चिकट होणार, धूळ धरणार. तेल आटलं की झोका आखूड होतो आणि घड्याळ चुकायला लागतं. दिवसाच्या 86,400 सेकंदांत 10 सेकंद चुकणं म्हणजे साडेआठ हजारांत एकाची चूक. आमच्या शॉपवर एवढ्यासाठी कोणी मान वर करून बघणार नाही. घड्याळात मात्र आठवड्याला मिनिटाच्या वर फरक पडतो आणि लोणावळा लोकल डोळ्यांदेखत निघून जाते.

हे दुखणं अब्राहम-लुई ब्रेगेला पक्कं माहीत होतं. पॅरिसमध्ये दुकान थाटलेल्या या स्विस माणसाने अठराव्या शतकाच्या अखेरीस एक वेगळीच रचना करून पाहिली: एकमेकांत गुंतलेली दोन चाकं, एका झोक्याला एक ढकलणार, परतीच्या झोक्याला दुसरं, आणि ढकलणं सरळ, घासणं जवळपास नाही. तिला नाव पडलं नैसर्गिक एस्केपमेंट. कल्पना अव्वल. पण दोन चाकांच्या दातांमध्ये जो 'प्ले', म्हणजे सैलपणा, राहतो, तो त्या काळच्या हत्यारांना घालवता आला नाही. प्ले म्हणजे काय हे गिअरबॉक्सवाल्याला विचारू नये, तो रडायला लागतो.

ब्रेगेची आणखी एक गोष्ट आमच्या घरापर्यंत येऊन पोचली होती. वडिलांच्या जनताच्या डायलवर '17 ज्वेल्स'च्या जोडीला 'पॅराशॉक' लिहिलेलं होतं. घड्याळ पडलं तर आत पॅराशूट उघडत असणार, अशी माझी बालपणीची समजूत. मोठेपणी वाचलं, तर बॅलन्सच्या आसाखालचा खडा लवचिक पट्टीवर बसवून धक्का झेलण्याची युक्ती ब्रेगेने 1790 मध्ये काढली होती आणि तिचं फ्रेंच नाव खरोखरच 'पारशूट' होतं. सात वर्षांच्या मुलाचं एवढं बरोबर निघालेलं अनुमान माझ्या आयुष्यात दुसरं नाही.

उन्हाळ्यात स्टीलची हेअरस्प्रिंग नरम पडते आणि घड्याळ मागे राहतं, ही दुसरी जुनी रड. ती मिटवली शार्ल-एदुआर गियोमने. फ्लूरिए गावातल्या घड्याळजीचा हा मुलगा पॅरिसजवळच्या आंतरराष्ट्रीय वजनमाप संस्थेत लोखंड आणि निकेलची मिश्रणं तपासत बसला. 1896 मध्ये त्याला उष्णतेने जवळपास न फुगणारा इन्व्हार सापडला आणि त्याच वाटेने पुढे एलिन्व्हार, ज्याची लवचिकता उष्णतेने फारशी बदलत नाही. 1920चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं, म्हणजे आइन्स्टाइनच्या बरोबर आधीचं. या निवडीवर लोक अजून नाक मुरडतात. मी मुरडत नाही. मे महिन्यातल्या सांगलीत घड्याळ वापरलेला माणूस मुरडणारही नाही.

आणि मग 25 डिसेंबर 1969. टोकियोत सेइकोने ॲस्ट्रॉन नावाचं घड्याळ विक्रीला काढलं, किंमत साडेचार लाख येन. त्यातला क्वार्ट्झचा तुकडा सेकंदाला 8,192 वेळा थरथरायचा, आणि घड्याळ महिन्याला 5 सेकंदांच्या आत राहायचं. ब्रेगे, गियोम आणि मधल्या शंभर कारागिरांनी मिळून जे गाठलं नव्हतं, ते एका सेलने आणि एका स्फटिकाने गाठलं. अचूकतेची शर्यत चावीचं घड्याळ त्या दिवशी हरलं ते कायमचं. आमच्या भाजीवाल्याच्या मनगटावरचं दीड-दोनशे रुपयांचं घड्याळ आज बहुतेक महागड्या यांत्रिक घड्याळांपेक्षा बरोबर चालतं. स्वित्झर्लंडमध्ये या धंद्यात सुमारे 90,000 माणसं होती, ती पुढच्या पंधरा-एक वर्षांत 30,000 च्या घरात आली.

मला खरा रस आहे तो इथून पुढच्या काळात. हरल्याचं कळल्यावरही जी माणसं मशीनवर वाकून बसून राहिली, त्यांच्यात.

स्वित्झर्लंडमधल्या ल लॉक्ल गावच्या शार्ल व्हेर्मोची गोष्ट घड्याळवेड्यांना पाठ असते. 1975 मध्ये तिथल्या झेनिथ या घड्याळ कंपनीच्या अमेरिकन मालकांनी यांत्रिक मशीनचं काम थांबवून हत्यारं निकालात काढायचा हुकूम सोडला. व्हेर्मोने तासाला 36,000 ठोक्यांच्या 'एल प्रिमेरो' मशीनची हत्यारं, कॅम आणि कागद चोरून पोटमाळ्यावर दडवले, आणि ऐंशीच्या दशकात तेच बाहेर काढून मशीन पुन्हा सुरू झालं. गोष्ट इतक्यांदा सांगितली गेलीय की तिची धार बोथट झाली आहे. पण चालू स्थितीतल्या डाय भंगाराच्या टेम्पोत चढताना मी स्वतः पाहिल्या आहेत, त्यामुळे मला ती पुन्हा वाचवते.

जॉर्ज डॅनियल्सचं मात्र कितीही वाचलं तरी पोट भरत नाही. 1926चा जन्म, लंडनमध्ये गरिबीत गेलेलं बालपण, सैन्यातून सुटल्यावर घड्याळं दुरुस्त करत करत झालेलं शिक्षण. पुढे तो ब्रेगेच्या घड्याळांचा जाणकार झाला. म्हणजे चिकटलेलं तेलही त्याच्या बोटांखालून गेलं होतं, आणि त्या दोन चाकांचं अर्धवट राहिलेलं स्वप्नही. सेथ ॲटवुड नावाच्या एका अमेरिकन संग्राहकाने त्याला सांगितलं, यांत्रिक घड्याळ मुळापासून सुधारेल असं काहीतरी करून दाखव. सत्तरचं दशक चालू होतं, बाकीचे दुकान आवरत होते, आणि हा एकटा माणूस लेथवर बसून दोनशे वर्षं जुन्या लिव्हरच्या चुकीवर उपाय शोधत होता.

त्याला सापडला तो असा. दोन चाकं एकाच आसावर, एकावर एक. म्हणून नाव को-ॲक्सिअल. अडवायचे खडे वेगळे, ढकलायचे वेगळे. जाताना मोठं चाक थेट बॅलन्सवरच्या खड्याला ढकलतं, येताना धाकटं चाक लिव्हरच्या मार्फत ढकलतं. दोन्ही वेळा ढकला जवळपास सरळ, पाळण्याला मागून द्यावा तसा. आणि दोन्ही चाकं एकाच आसावर असल्यामुळे ब्रेगेला छळणारा त्यांच्यातला प्लेही गेला. पहिल्यांदा हे नीट समजलं तेव्हा मी कागदावर काढत बसलो होतो. तिसऱ्या आकृतीला गाडी रुळावर आली, आणि रात्री दीडला घरातल्या कुणाला उठवावं हे सुचेना.

1980 मध्ये पेटंट झालं. मग स्विस कंपन्यांच्या पायऱ्या झिजवणं सुरू झालं. त्यांच्याच घड्याळांत आपली एस्केपमेंट बसवून डॅनियल्स दाखवायला घेऊन जायचा. शेवटी ओमेगाने ती घेतली आणि 1999 मध्ये बाजारात आणली. हाताने घडवलेल्या एका घड्याळात जे चाललं ते कारखान्यातल्या हजारोंत चालतंच असं नाही. ओमेगाने आपल्या आधीच्या मशीनमध्ये ती बसवली ती तासाला 28,800 ठोक्यांची, नंतर ठोके 25,200 वर आणले, आणि 2007 मध्ये तिच्यासाठी मशीनच नवं आखलं. माझ्या मते शोधाचा खरा दुसरा जन्म हा. ड्रॉइंगवर सही झाली की काम संपलं असं समजणारे इंजिनिअर मी बरेच पाहिलेत, त्यात काही वर्षं मीही होतो. डॅनियल्स 2011 मध्ये आइल ऑफ मॅनवर वारला. आपलं फाटक दुकानाच्या काचेत चालताना पाहून गेला.

जपानमधल्या सुवाच्या योशिकाझु आकाहानेला तेवढं मिळालं नाही. 1977 मध्ये त्याने विचार केला की फाटक हवंच कशाला? मेन स्प्रिंग चाकं फिरवेल, शेवटचं चाक फिरता फिरता चिमूटभर वीज तयार करेल, त्या विजेवर क्वार्ट्झ जागा राहील आणि चाक जरा पळायला लागलं की त्याला चुंबकाने, न शिवता, आवरेल. उतारावर सायकलचा ब्रेक अर्धवट दाबून उतरावं तसं. सेल नाही, टिकटिक नाही. सहाशेहून जास्त नमुने बनले. आकाहाने 1998 मध्ये गेला आणि त्याचं स्प्रिंग ड्राइव्ह 1999 मध्ये विकायला आलं. त्याचा सेकंदकाटा तबकडीवरून पाण्यावरच्या पानासारखा सरकतो. हे खरं यांत्रिक की लबाडी, यावर लोक तावातावाने भांडतात. मला तो काटा बघताना भांडायचं सुचत नाही.

नंतर आलं सिलिकॉन. मोबाइलची चिप जशी कोरतात तशीच एस्केपमेंटची चाकं कोरायची. हलकी, चुंबकाला दाद न देणारी, आणि इतकी गुळगुळीत की तेल नको. 2001 मध्ये युलिस नार्डिन कंपनीच्या 'फ्रीक' घड्याळात लुडविग ओक्स्लिनने ती पहिल्यांदा बसवली. मग जणू बांधच फुटला. निकोलस देऑनची गोष्ट मला विशेष आवडते. रेल्वेचं तिकीट दोन बोटांत दाबून वाकवताना ते एका बाजूचं दुसऱ्या बाजूला पटकन उलटतं, हे त्याच्या ध्यानात आलं. मुलींच्या केसांतली टिकटॅक पिन दाबली की करते तेच. केसापेक्षाही बारीक सिलिकॉनच्या पातीला असं उलटायला लावून, दर वेळी अगदी सारखाच ढकला देणारी एस्केपमेंट 2013 मध्ये जिरार-पेरेगोच्या घड्याळात आली. आपल्याकडची जुनी जाड पुठ्ठ्याची तिकिटं असती तर हा शोध लागला नसता. 2017 मध्ये झेनिथने बॅलन्स, हेअरस्प्रिंग, लिव्हर असे तीसेक भाग काढून त्यांच्या जागी अर्ध्या मिलिमीटर जाडीची सिलिकॉनची एकच जाळी ठेवली, सेकंदाला 15 वेळा थरथरणारी.

आणि 2025 मध्ये रोलेक्सने डायनापल्स एस्केपमेंट दाखवली: सिलिकॉनची दोन चाकं, एकमेकांत गुंतलेली, आळीपाळीने ढकलणारी. व्हिडिओ बघताना मी खुर्चीत सरळ झालो. हे तर ब्रेगेच्या घराण्यातलं! त्याला जो प्ले घालवता आला नव्हता, तो आता कोरीव कामाच्या अचूकतेत विरून गेला होता.

टूरबियाँबद्दल मी अजून बोललो नाही, आणि फार बोलणारही नाही. ब्रेगेने 1801 मध्ये त्याचं पेटंट घेतलं ते खिशात उभं राहणाऱ्या घड्याळासाठी. सगळी एस्केपमेंट गोल फिरवत ठेवली की गुरुत्वाकर्षणाची चूक सगळीकडे वाटली जाते. मनगट तर दिवसभर स्वतःच हलत असतं. तिथे हा फिरता पिंजरा म्हणजे लग्नातल्या घोड्यावरची झालर. मात्र टायटनने स्वतःचं टूरबियाँ बनवल्याचं वाचलं तेव्हा तत्त्व बाजूला ठेवून छाती फुगली, हे कबूल करतो.

ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली आणि गावभागात घराघरांत पाणी शिरलं. आम्ही आईला घाईने वर हलवलं, कागदपत्रं हलवली, आणि वडिलांची जनता कपाटाच्या खालच्या कप्प्यात राहिली. ती तिथे मीच ठेवली होती, जपून म्हणून. पाणी ओसरल्यावर हाताला लागली तेव्हा काचेच्या आत चिखलाची रेघ होती. काकांच्या जिन्याखालीही पाणी होतंच. हत्यारांची पेटी तेवढी त्यांनी माडीवर नेली होती. पुढचे दोन महिने त्यांच्यापुढे चिखलाने भरलेल्या घड्याळांची रांग होती. जनताचा स्क्रू न् स्क्रू त्यांनी वेगळा केला, पेट्रोलच्या वाटीत धुतला. हेअरस्प्रिंग गंजली होती. एचएमटीचा घड्याळांचा धंदा 2016 मध्येच बंद करायचं ठरलं होतं, पार्ट कुठून येणार? त्यांनी डब्यातून एक मेलेली जनता काढली, तिचा बॅलन्स उचलला, चिमट्याने स्प्रिंगचं वळण दोनदा सरळ केलं, आणि तेल दिलं. चावी द्यायच्या आधीच बॅलन्स हलायला लागला.

त्या दिवसापासून सिलिकॉनबद्दलचा माझा उत्साह जरा अडखळतो. ते वाकत नाही, तुटतं. चिमट्याने त्याचं वळण काढता येत नाही, मेलेल्या भावंडाकडून उसनं घ्यायचं तर ते भावंडही कंपनीकडेच. उलट बाजूने हेही खरं की सिलिकॉन गंजत नाही. पुरातून कदाचित तेच धडधाकट निघालं असतं. मी हा वाद स्वतःशी बऱ्याचदा घातला आहे आणि दर वेळी ज्या बाजूने सुरू करतो तिच्या विरुद्ध बाजूला जाऊन पोचतो.

मागच्या दिवाळीत सांगलीला गेलो तेव्हा जनता ऑइलिंगला घेऊन गेलो. काका आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत, दुकान दुपारी चारनंतरच उघडतं. खिशातून फोन काढून त्यांना डायनापल्सचा व्हिडिओ लावून दिला. त्यांनी सवयीने आयग्लास डोळ्याला लावली आणि फोनवर वाकले, मग हसून काढून ठेवली. दोन निळसर चाकं संथ गतीत एकमेकांना हात देत होती.

"तेल कुठं देतात याला?"

"इथं नाही लागत, काका. बाकीच्या चाकांना लागतं."

"मग उरलंय की आमचं थोडं." थोडा वेळ गप्प राहून, "तुटलं तर?"

"नवीन बसवायचं."

त्यावर ते काही बोलले नाहीत. व्हिडिओ संपला. एवढ्यात कॉलेजातला एक मुलगा घड्याळ पुढे करून उभा राहिला, सेल टाकायचा होता.

"थांब रे जरा," काका त्याला म्हणाले, आणि फोन माझ्याकडे सरकवला. "परत लाव."